व्हीलॅन केल्यावर पिंग लागते, पण संकेतस्थळे अर्धवट उघडतात: दोष कोणत्या उपकरणाचा?

कारेलीबागकर, बडोदे

नमस्कार. आमच्या न्यासाचे कारेलीबागेत वाचनालय आहे आणि त्याच आवारात, मागच्या इमारतीत, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालते. मी व्यवसायाने लेखापाल आहे. संगणकांच्या जाळ्याची जबाबदारी माझ्याकडे आली ती केवळ ‘तुम्हाला त्यातले थोडे कळते’ एवढ्या एका वाक्यावर, आणि ते थोडे म्हणजे नेमके किती थोडे, हे गेल्या पंधरवड्यात मला नीट समजले आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आवारात शिरले तेव्हा तळमजल्यावरचा राउटर आणि मुख्य स्विच दोन्ही गेले. पैसे जमेपर्यंत मागूनपुसून आणलेल्या उपकरणांवर काम चालवले आणि आता नवा राउटर, चोवीस पोर्टांचा एक स्मार्ट स्विच आणि मागच्या इमारतीसाठी आठ पोर्टांचा दुसरा स्मार्ट स्विच घेतला आहे. पुरातून वाचलेल्या वस्तू मात्र तशाच वापरात ठेवल्या: पहिल्या मजल्यावरच्या लेखा-खोलीतला आठ पोर्टांचा साधा, अनमॅनेज्ड (म्हणजे ज्यात काही ठरवता येत नाही असा) गिगाबिट स्विच, आणि दोन इमारतींमधल्या फायबरच्या दोन टोकांना असलेले मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल यांना जोडणारे डबे), जे भिंतीवर उंच बसवलेले असल्यामुळे बचावले.

बसवणाऱ्या तंत्रज्ञाने तीन व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलींवर चालणारी पण एकमेकांपासून वेगळी अशी तीन जाळी, केले: १ क्रमांकाचा कार्यालयासाठी, २० क्रमांकाचा वाचकांच्या व अभ्यासिकेच्या वायफायसाठी आणि ३० क्रमांकाचा कॅमेऱ्यांसाठी. दोन स्मार्ट स्विचना जोडणाऱ्या पोर्टांवर १ हा अनटॅग्ड (क्रमांकाच्या खुणेशिवाय जाणारा) आणि २० व ३० हे टॅग्ड (खुणेसह जाणारे) आहेत. लेखा-खोलीतल्या साध्या स्विचकडे जाणारा पोर्टही तसाच ठेवला आहे, कारण त्या स्विचवर आमचे दोन संगणक, एक प्रिंटर आणि छताला लावलेला एक ॲक्सेस पॉइंट आहे, आणि तो ॲक्सेस पॉइंट कार्यालय व वाचक अशी वायफायची दोन नावे देतो.

आता लक्षणे सांगतो. मागच्या इमारतीत कार्यालयाचा एक संगणक आहे. तो पूर्वीसारखाच चालतो. त्याच फायबरवरून जाणाऱ्या अभ्यासिकेच्या वायफायवर मात्र फोनला आयपी पत्ता मिळतो, पिंग लागते (म्हणजे तपासणीच्या छोट्या पॅकेटला उत्तर येते), यूट्यूबवरची व्याख्याने सुरळीत दिसतात, पण परीक्षेचे अर्ज भरण्याची काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात आणि पुढे नुसते चक्र फिरत राहते. कॅमेऱ्यांचे तसेच, पिंग लागते, पण पुढच्या इमारतीतल्या रेकॉर्डरवर चित्र येत नाही. तिसरी गोष्ट लेखा-खोलीतली. तिथल्या संगणकावर काही संकेतस्थळे उघडायला फार वेळ लागतो म्हणून जाळ्याची माहिती काढून पाहिली, तेव्हा कार्यालयाच्या आयपीव्ही६ पत्त्याशेजारी वाचकांच्या जाळ्यातलाही एक आयपीव्ही६ पत्ता दिसला. हा संगणक वाचकांच्या जाळ्यात कधीच नव्हता.

तंत्रज्ञाचे म्हणणे असे की व्हीलॅनसाठी झाडून सगळी उपकरणे मॅनेज्ड लागतात आणि ती बदलल्याशिवाय तो पुढे हात लावणार नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की साधा स्विच टॅगकडे पाहतच नाही, त्यामुळे तो आड येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. समितीपुढे खर्चाचा कागद ठेवण्याआधी मला समजून घ्यायचे आहे की व्हीलॅनसाठी नेमक्या कोणत्या उपकरणाला काय यावे लागते, आणि आमच्याकडे चुकते आहे ते कोणाचे.

मकरपुऱ्याचा नेटवर्कवाला, बडोदे

नमस्कार. मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे जाळे सांभाळतो. आपण लक्षणे इतकी व्यवस्थित लिहिली आहेत की संशयित एकच उरतो; पण त्याचे नाव घेण्याआधी थोडा हिशेब मांडतो, म्हणजे समितीपुढे तो आपल्यालाही मांडता येईल.

इथरनेटची साधी फ्रेम, म्हणजे केबलवरून एका वेळी जाणारा माहितीचा गठ्ठा, जास्तीत जास्त १५१८ बाइटांची असते. त्यात पोहोचवण्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता प्रत्येकी ६ बाइट, प्रकार सांगणारे २ बाइट, आतला माल १५०० बाइटांपर्यंत आणि शेवटी तपासणीचे ४ बाइट. व्हीलॅनचे जे ८०२.१क्यू हे मानक १९९८ साली आले, त्याने पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर ४ बाइटांचा टॅग घुसवला. त्यातले पहिले २ बाइट ‘पुढे टॅग आहे’ एवढेच सांगतात, त्यांचे मूल्य हेक्साडेसिमल ८१०० असते. पुढच्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्यासाठी, १ गर्दीच्या वेळी टाकून देता येण्याजोगी फ्रेम ओळखण्यासाठी आणि उरलेले १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. बारा बिटांत ४०९६ अंक बसतात, त्यांतले ० आणि ४०९५ राखीव असल्यामुळे वापरायला १ ते ४०९४ मिळतात. आपल्या कामाची गोष्ट अशी की टॅगमुळे सर्वांत मोठी फ्रेम १५१८ ची १५२२ होते. त्याच वर्षी ८०२.३एसी या दुरुस्तीने इथरनेटच्या मानकातही १५२२ ला परवानगी दिली, परंतु मानकाने परवानगी दिली म्हणून बाजारातल्या प्रत्येक चिपने ती पाळली असे झाले नाही. १५१८ पेक्षा मोठे जे काही येईल ते सदोष समजून टाकून देणारी उपकरणे त्यानंतरही बरीच वर्षे विकली गेली.

आता आपली लक्षणे या हिशेबावर घालून पाहा. कार्यालयाचा व्हीलॅन फायबरवरून अनटॅग्ड जातो, म्हणजे त्याची फ्रेम १५१८ च्या आत राहते आणि तो संगणक नीट चालतो. २० आणि ३० टॅग घेऊन जातात. पिंगचे पॅकेट लहानसे असते, आयपी पत्ता मिळवण्याची देवाणघेवाणही लहान असते, म्हणून ती पार होतात; संकेतस्थळाचे पान यायला लागले की ते आणणारा टीसीपी हा प्रोटोकॉल पूर्ण भरलेली पॅकेटे पाठवते, ती टॅगसह १५२२ होतात आणि वाटेत कोणीतरी ती गिळतो. यूट्यूब चालते याचे कारणही यातच आहे. ते बहुधा क्विक या प्रोटोकॉलवर चालत असते, जो यूडीपीची साधारण १२०० ते १४०० बाइटांची पॅकेटे वापरतो आणि त्यामुळे या मर्यादेला शिवतच नाही. ‘व्हिडिओ चालतो, म्हणजे इंटरनेट ठीक आहे’ असे मानून याच दोषावर आमच्याकडे दोन दिवस वाया गेले होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आपल्याला एक शंका येईल की पॅकेट मोठे झाले तर ‘लहान करून पाठवा’ असा निरोप परत यायला नको का. असा निरोप राउटर देतो, कारण त्याला आयपी कळते. स्विच किंवा कन्व्हर्टर त्याच्या खालच्या थरावर काम करतो. त्याला फ्रेम पसंत नसेल तर तो ती मुकाट्याने टाकतो आणि पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. फिरणारे चक्र दिसते ते हेच.

खात्रीची परीक्षा पाच मिनिटांची आहे. मागच्या इमारतीत लॅपटॉप २० च्या ॲक्सेस पोर्टला (टॅगशिवाय फक्त तो एकच व्हीलॅन देणाऱ्या पोर्टला) लावा आणि राउटरच्या २० मधल्या पत्त्याला ‘तुकडे करू नये’ हा पर्याय घालून पिंग करा. विंडोजमध्ये त्यासाठी एफ हे अक्षर आहे आणि आकारासाठी एल. आकार १४७२ दिलात तर त्यावर आयपी आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) यांचे २८ बाइट चढून बरोबर १५०० होतात, म्हणजे टॅगसह १५२२. तो पार झाला तर माझे म्हणणे चुकले. झाला नाही तर एकेक अंक खाली या. १४६८ पार होऊन १४६९ अडला, तर वाटेतले उपकरण १५१८ ची जुनी मर्यादा पाळते आहे यात शंका उरत नाही, कारण १४६८ ला टॅगसकट फ्रेम बरोबर १५१८ होते. हीच परीक्षा कार्यालयाच्या व्हीलॅनवर आणि पहिल्या मजल्यावरच्या वाचकांच्या वायफायवरही करा.

माझा संशय मीडिया कन्व्हर्टरवर आहे. लोक त्याला नुसती तार समजतात, परंतु पुष्कळशा कन्व्हर्टरांच्या आत दोन पोर्टांची एक स्विच-चिप बसलेली असते, जी फ्रेम पूर्ण घेऊन, तपासून, मग पुढे पाठवते. तिच्या माहितीपत्रकात फ्रेमची कमाल लांबी दिलेली असते. ती १५२२ किंवा अधिक आहे का, हे विकत घेताना कोणी पाहत नाही.

कोणाला काय यावे लागते, या मूळ प्रश्नाचे उत्तर असे देतो. आपले संगणक, प्रिंटर, कॅमेरे, फोन यांना व्हीलॅनचे काहीही कळण्याची गरज नाही, कारण त्यांच्या पोर्टवर स्विच टॅग काढूनच फ्रेम देतो. टॅग लावणे आणि काढणे ज्याला करायचे आहे, म्हणजे राउटर, दोन्ही स्मार्ट स्विच आणि वायफायची दोन नावे देणारा ॲक्सेस पॉइंट, त्याला ८०२.१क्यू आलेच पाहिजे. अशा दोन उपकरणांच्या मधे जो बसतो त्याने निदान १५२२ बाइटांची फ्रेम जशीच्या तशी पुढे दिली पाहिजे. म्हणून ‘सगळी मॅनेज्ड हवीत’ हे तंत्रज्ञाचे म्हणणे गरजेपेक्षा जास्त आहे.

जाता जाता: आपली इंटरनेटची जोडणी पीपीपीओई (नाव व पासवर्ड देऊन सुरू होणारी) असती तर हा दोष लपून राहिला असता. तिथे बाहेरचे पॅकेट मुळातच १४९२ चे असल्याने टॅगसह फ्रेम १५१४ होते आणि संकेतस्थळे बिनबोभाट उघडतात. अडचण फक्त आवारातल्या आवारात, म्हणजे कॅमेऱ्यांच्या चित्रात, दिसली असती आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्यांवर गेला असता.

कारेलीबागकर, बडोदे

आपले मनःपूर्वक आभार. अभ्यासिका बंद झाल्यावर रात्री परीक्षा केली. मागच्या इमारतीत कार्यालयाच्या व्हीलॅनवर १४७२ लगेच पार झाला. २० वर १४७२ अडला. १४७१, १४७०, १४६९ तिन्ही ‘वेळ संपली’ असे सांगून परतले आणि १४६८ ला चारही उत्तरे आली. आपण आधीच सांगितलेला अंक पडद्यावर उमटलेला पाहून मी परीक्षा आणखी दोनदा केली, तरी फरक पडला नाही. ३० वरही हेच आकडे आले. पहिल्या मजल्यावर मात्र, साध्या स्विचवरच्या ॲक्सेस पॉइंटमधून, वाचकांच्या वायफायवर १४७२ पार झाला.

शिडी लावून कन्व्हर्टर उतरवले. खालच्या बाजूच्या चिठ्ठीवर वेग १०/१०० आणि तरंगलांबी १३१० एवढेच छापलेले आहे, फ्रेमच्या लांबीचा उल्लेख नाही. फायबरचे आवरण नारिंगी आहे आणि त्यावर ५०/१२५ असे छापले आहे; टोकाची जोडणी चौकोनी, एससी प्रकारची आहे. दोन इमारतींमधले अंतर वळणे धरून सत्तर मीटरच्या आत भरते.

कन्व्हर्टरचा निकाल लागला असे मी समजतो. पण मग साध्या स्विचमधून टॅग असलेली मोठी फ्रेमही पार होते, म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे खरे ठरते. तसे असेल तर लेखा-खोलीतल्या संगणकावर वाचकांच्या जाळ्याचा पत्ता आला कुठून?

लष्करवासी, ग्वाल्हेर

विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि आपल्याला त्रास होतो आहे तो उरलेल्या अर्ध्याचा. साधा स्विच टॅगकडे पाहत नाही, हे बरोबर. त्याचाच परिणाम असा की कोणती फ्रेम कोणत्या व्हीलॅनची आहे, हेही त्याला कळत नाही. एकट्यासाठी आलेली फ्रेम तो हार्डवेअर पत्ता पाहून योग्य पोर्टवर देतो. सर्वांसाठी किंवा समूहासाठी आलेली फ्रेम मात्र सगळ्या पोर्टांवर ओततो, मग तिच्यावर २० चा टॅग असो की ३० चा. मकरपुऱ्याच्या भाऊंनी ‘जशीच्या तशी पुढे दिली पाहिजे’ असे जे लिहिले आहे, ते दोन टोकांच्या कन्व्हर्टरला पुरेसे आहे. आठ पोर्टांच्या स्विचला ते पुरत नाही, कारण त्याच्या इतर पोर्टांवर अशी यंत्रे बसली आहेत ज्यांना ती फ्रेम मिळायलाच नको होती.

आपल्या संगणकावर काय होते ते पाहू. राउटर २० मध्ये आयपीव्ही६ ची घोषणा ठरावीक काळाने करत असतो आणि ती समूहासाठी असते. ती टॅगसह साध्या स्विचवर येते, तो ती ॲक्सेस पॉइंटला देतो तशीच आपल्या संगणकालाही देतो. वास्तविक संगणकाने टॅग असलेली परकी फ्रेम टाकून द्यायला हवी. परंतु विंडोजवर नेटवर्क कार्डांचे अनेक ड्रायव्हर आलेल्या फ्रेमचा टॅग काढून, तिचा क्रमांक न पाहता, ती वर सरकवतात. मग संगणकाला वाटते की आपल्याच जाळ्यात दुसऱ्या राउटरने घोषणा केली आहे, आणि तो त्या घोषणेवरून स्वतःसाठी एक पत्ता बनवून घेतो. पुढे तो त्या पत्त्यावरून काही मागायला गेला की त्याची फ्रेम टॅगशिवाय निघते, स्विच तिला व्हीलॅन १ मध्ये घालतो, उत्तर येत नाही, आणि थोडा वेळ वाट पाहून संगणक दुसऱ्या पत्त्याने पुन्हा प्रयत्न करतो. संकेतस्थळे उशिरा उघडतात ती यामुळे.

आयपीव्ही४ मध्ये हे दिसत नाही, कारण तिथे पत्त्याची मागणी संगणक स्वतः टॅगशिवाय करतो आणि ती बरोबर व्हीलॅन १ मध्येच जाते. म्हणून अशा मांडणीत ‘सगळे ठीक चालले आहे’ असे महिनोन्महिने वाटत राहते. पण वाचक आणि लेखा विभाग वेगळे ठेवायचे हाच तर आपला हेतू होता, आणि त्या खोलीत ते वेगळे राहिलेले नाहीत. त्या स्विचवरच्या एखाद्या मोकळ्या पोर्टला कोणी स्वतःचा लॅपटॉप लावला आणि त्याला २० किंवा ३० चा टॅग लावायला सांगितले, तर तो थेट त्या व्हीलॅनमध्ये उभा राहील. कॅमेऱ्यांचा ३० त्या खोलीत पाठवण्याचे तर काही कारणही मला दिसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तिथे पाच किंवा आठ पोर्टांचा छोटा स्मार्ट स्विच बसवणे. दुसरा जवळजवळ बिनखर्चाचा: मुख्य स्विचपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंत एक स्वतंत्र केबल ओढा, टॅग असलेले व्हीलॅन फक्त त्या केबलवर ठेवा, आणि साध्या स्विचकडे जाणारा पोर्ट निव्वळ १ चा ॲक्सेस पोर्ट करून टाका. ज्या स्विचवरची सगळी यंत्रे एकाच व्हीलॅनची आहेत, तो साधा असला म्हणून काही बिघडत नाही. आमच्या शाळेतल्या संगणक-खोलीत मी असेच दोन स्विच ठेवले आहेत.

दुसरी केबल ओढताना मात्र एक चूक हमखास होते. दोन वेगळ्या व्हीलॅनच्या दोन ॲक्सेस केबली त्याच साध्या स्विचमध्ये खोचल्या, तर ते दोन व्हीलॅन तिथे एकत्र जोडले जातात. स्पॅनिंग ट्री, म्हणजे जाळ्यातली वर्तुळे शोधून तोडणारी स्विचची सोय, चालू असेल तर मुख्य स्विच त्यांतली एक वाट बंद करील आणि आपण केबल सदोष आहे असे समजून ती बदलत बसाल.

मकरपुऱ्याचा नेटवर्कवाला, बडोदे

लष्करवासी ताईंची दुरुस्ती मान्य आहे. माझ्या डोक्यात कन्व्हर्टरच होता, त्यामुळे स्विच आणि कन्व्हर्टर मी एकाच वाक्यात बसवले.

नवे साहित्य येईपर्यंत विद्यार्थ्यांची सोय करायची असेल, तर राउटरवर २० साठी टीसीपीचा कमाल तुकडा, म्हणजे एमएसएस, १४५६ करून ठेवा. १४९६ मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट वजा केले की तो आकडा येतो. आयपीव्ही६ साठी आणखी २० वजा करून १४३६ धरा. बहुतेक संकेतस्थळे लगेच उघडू लागतील. कॅमेऱ्यांत एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलण्याची सोय असेल तर तिथे १४९६ करून पाहा. मात्र ही मलमपट्टी आहे, ती कायम ठेवू नका. वर्षभराने तो आकडा तिथे का लिहिला आहे हे कोणाला आठवत नाही.

जुना इंदूरकर

फायबरचे वर्णन वाचले आणि बरे वाटले. नारिंगी आवरण आणि ५०/१२५ म्हणजे मल्टिमोड. आपल्या दोन्ही स्मार्ट स्विचवर एसएफपीची खोबण (फायबरचे मोड्यूल बसवायची जागा) आहे का ते पाहा. असेल तर नवे कन्व्हर्टर घेण्याच्या भानगडीत पडूच नका. ८५० नॅनोमीटरचे, एसएक्स प्रकारचे दोन गिगाबिट मोड्यूल घ्या आणि फायबर थेट स्विचमध्ये घाला. सत्तर मीटर हे अंतर त्याला काहीच नाही, ५० मायक्रॉनच्या चांगल्या फायबरवर ते साडेपाचशे मीटरपर्यंत जाते. मोड्यूलची जोडणी एलसी प्रकारची, आकाराने लहान असते, म्हणून एका टोकाला एससी व दुसऱ्याला एलसी असलेल्या पॅच कॉर्ड लागतील. दुकानदार १३१० चे सिंगलमोड मोड्यूल पुढे करील, कारण जुन्या कन्व्हर्टरवर १३१० लिहिले आहे. ते घेऊ नका. आपल्या कन्व्हर्टरचे १३१० हे शंभर मेगाबिटच्या मल्टिमोडचे आहे, आकडा सारखा दिसला तरी वस्तू निराळी आहे. आणि स्विच कोणत्या कंपनीचे मोड्यूल स्वीकारतो हे आधी विचारून घ्या, काही स्विच परके मोड्यूल ओळखूनही पोर्ट चालू करत नाहीत.

मी या धंद्यात आलो तेव्हा सिस्कोच्या स्विचवर आयएसएल नावाची त्यांची स्वतःची पद्धत चालत असे. ती फ्रेमच्या आत काही घुसवत नसे, तर अख्ख्या फ्रेमला पुढून २६ आणि मागून ४ बाइटांचे वेष्टन घालत असे. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला ते वेष्टन म्हणजे निव्वळ कचरा, त्यामुळे दोन कंपन्यांचे स्विच जोडायचे म्हटले की पहिला प्रश्न ‘आयएसएल की क्यू’ हाच असे. आज तो प्रश्न मिटला आहे, शब्दांचा मात्र मिटलेला नाही. सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक केबली जोडून केलेला एक जाड दुवा. एका कंपनीचे माहितीपत्रक वाचून दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर ट्रंक शोधणारे मी बरेच पाहिले आहेत. आपण टॅग्ड आणि अनटॅग्ड हेच शब्द वापरता ते योग्य आहे, दोन्हीकडे त्यांचा अर्थ एकच होतो.

स्वस्त स्मार्ट स्विचवर व्हीलॅनचे दोन प्रकार दिसतात, एक पोर्टवर आधारित आणि एक ८०२.१क्यू. पहिल्यात टॅग लागतच नाही. तो त्या एका स्विचपुरता पोर्टांचा गट असतो. दोन्ही स्विचवर दुसराच निवडलेला आहे ना, एवढे पाहून घ्या. शिवाय अशा स्विचवर पोर्टची सदस्यता एका पानावर आणि पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टचा स्वतःचा व्हीलॅन क्रमांक, दुसऱ्या पानावर ठरवावी लागते. सदस्यता जाणाऱ्या फ्रेमसाठी, पीव्हीआयडी टॅगशिवाय येणाऱ्या फ्रेमसाठी. एक बदलून दुसरे विसरले की फ्रेम एका व्हीलॅनने जाते आणि उत्तर दुसऱ्याने शोधले जाते. ज्या पोर्टवर आपला स्वतःचा लॅपटॉप आहे, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

कारेलीबागकर, बडोदे

आपल्या सगळ्यांच्या सांगण्यानुसार काम पूर्ण केले, म्हणून कळवतो.

दोन्ही स्मार्ट स्विचवर एसएफपीच्या दोन-दोन खोबणी निघाल्या, ज्यांत आजवर रबराची बुचे बसलेली होती. दुकानदाराने खरोखरच १३१० चेच मोड्यूल काढून ठेवले होते. फायबरच्या आवरणाचे छायाचित्र दाखवल्यावर त्याने ८५० चे दिले. जोडणी केल्यावर मागच्या इमारतीचा दिवा पेटला नाही, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला, परंतु एका टोकाच्या दोन एलसी काड्या आपसांत बदलल्यावर तो पेटला. पाठवणारी आणि घेणारी काडी उलटी बसली होती. त्यानंतर २० आणि ३० दोन्हींवर १४७२ ची चारही उत्तरे आली. परीक्षेच्या अर्जाचे पान एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर उघडले आणि रेकॉर्डरवर सहाही कॅमेऱ्यांची चित्रे आली. राउटरवर तात्पुरता घातलेला १४५६ आणि १४३६ चा नियम त्याच संध्याकाळी काढून टाकला.

लेखा-खोलीसाठी ताईंचा दुसरा उपाय केला. जुन्या पाइपमधून ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळी केबल ओढली, साध्या स्विचकडे जाणारा पोर्ट फक्त १ चा ठेवला आणि ३० तिथून काढला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर वाचकांच्या जाळ्याचा आयपीव्ही६ पत्ता गेला, आणि संकेतस्थळे आता लगेच उघडतात.

इंदूरकर काकांनी इतके बजावूनही मी माझ्या लॅपटॉपच्या पोर्टचा पीव्हीआयडी मधेच बदलला आणि मुख्य स्विचच्या बाहेर अडकलो. सुदैवाने आधीची मांडणी त्यात जतन केलेली होती आणि नवी अजून जतन केलेली नव्हती. शिडीवर चढून वीज काढली, पुन्हा लावली आणि त्या संध्याकाळचे सगळे बदल पहिल्यापासून केले.

समितीपुढच्या कागदावर दोन मोड्यूल, दोन पॅच कॉर्ड आणि वीस मीटर केबल एवढाच खर्च लागला. जुने दोन्ही कन्व्हर्टर टाकले नाहीत. त्यांवर पांढरी पट्टी चिकटवून ‘फक्त अनटॅग्ड, १५१८’ असे लिहिले आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवले.